धरण भरलेले हवे की रिकामे? तिळारी, अंजुणे, साळावली आणि नदीकाठचे आपण

शापोराकाठची

घाटात पाऊस धरून आहे, नदी तांबडी झाली आहे आणि आमच्या वाड्यावर पुन्हा एकच विषय आहे: आमच्या शापोरा नदीच्या वरच्या अंगाला महाराष्ट्रात असलेल्या तिळारी धरणाचे पाणी सोडणार का, आणि कधी. म्हणून हा धागा काढते आहे.

माझे माहेर-सासर दोन्ही पेडणे तालुक्यात, नदीकाठीच. इब्रामपूर, हणखणे, चांदेल, कासारवर्णे आणि डिचोली तालुक्यातले साळ, या गावांनी ऑगस्ट २०१९ मध्ये आणि २३ जुलै २०२१ ला काय पाहिले ते इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे. २०२१ च्या पुराला तर १९८२ नंतरचा सर्वांत मोठा पूर म्हटले गेले. त्या रात्री फोनवर निरोप फिरत होता, अमुक इतके क्युसेक (सेकंदाला घनफूट) विसर्ग सुरू आहे, नदीकाठच्या लोकांनी सतर्क राहावे. सासूबाईंनी विचारले, "म्हणजे पाणी गोठ्यापर्यंत येणार की पडवीपर्यंत?" घरात कुणालाच उत्तर देता येईना. गुरे सोडली, भाताची पोती माळ्यावर चढवली. बियाण्याची खाली राहिली ती गेली.

माझे तीन प्रश्न आहेत. मे महिन्यात बार्देस-पेडण्यात नळाला पाणी नसते आणि जुलैत तेच पाणी नदीत सोडतात, असे का? सोडायचेच आहे तर जूनपासून थोडे थोडे का सोडत नाहीत? आणि धरणामुळे पूर वाढतो की कमी होतो? कोणत्या पक्षाने काय केले ते इथे नको. ज्यांना काम माहीत आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

आके_मडगाव

चांगला विषय. माझाही एक प्रश्न जोडते. सांग्यातले साळावली धरण भरून वाहते तेव्हा आम्ही सगळे फोटो काढायला जातो, आणि घरी येऊन बघतो तर टाकीत पाणी नाही. हे कोडे कुणीतरी सोडवा.

सांडवा

ताई, माझी नोकरी पाटबंधाऱ्याच्या कामात गेली, आता निवृत्त आहे. टप्प्याटप्प्याने लिहितो.

पहिली गोष्ट. पाणीपुरवठ्यासाठी धरण भरलेले लागते आणि पूर अडवण्यासाठी रिकामे लागते. दोन्ही कामे एकाच भिंतीवर टाकली की रोज ठरवावे लागते, आज किती जागा मोकळी ठेवायची. सगळे भांडण या एका आकड्याचे आहे. जूनमध्ये जागा मोकळी ठेवली आणि ऑगस्ट कोरडा गेला तर मार्चमध्ये लोक जाब विचारणार. जुलैतच काठोकाठ भरून घेतले आणि घाटात ढग फुटले तर खालचे गाव जाब विचारणार. म्हणून मोठ्या धरणांना परिचालन सूची असते. अमुक तारखेला पातळी अमुकच्या वर जाऊ द्यायची नाही, सप्टेंबर अखेर पूर्ण संचय गाठायचा, असा तारीखवार आराखडा. पाणी त्या रेषेच्या वर गेले की पाऊस थांबलेला असला तरी सोडायचे. नदीकाठच्या माणसाला हे विचित्र वाटते, आकाश निरभ्र आणि नदी चढते आहे. पण तीच वेळ सोडायची असते.

दुसरी गोष्ट, आपल्या गोव्याची. आपल्याकडे पाऊस लहरी कमी आणि घाईचा जास्त. सरासरी तीन हजार मिलीमीटरच्या आसपास, आणि त्यातला निम्म्याहून जास्त जून-जुलैत. साळावलीचेच गणित घ्या. पाणलोट क्षेत्र २०९ चौरस किलोमीटर, एकूण साठा सुमारे २३४ दशलक्ष घनमीटर. पडलेल्या पावसातले पाऊण पाणी वाहून आले असे धरले तर अगदी रिकामे धरणही साधारण दीड मीटर पावसात भरते. सांगे-नेत्रावळीच्या डोंगरात त्याच्या दुप्पट पाऊस सहज पडतो. शिवाय धरण कधी पूर्ण रिकामे नसतेच. म्हणून साळावली बहुधा जुलैतच वाहू लागते. उरलेला सगळा पावसाळा ते धरण भरलेलेच असते.

तिसरी गोष्ट, दरवाजे. साळावलीच्या सांडव्याला दरवाजेच नाहीत. बदकाच्या चोचीसारखी वळवलेली कडा आहे, पातळी ४१.१५ मीटरच्या वर गेली की पाणी आपोआप आत कोसळते. कडा वळवल्यामुळे थोड्या जागेत लांबी जास्त मिळते, म्हणून पातळी थोडीच वाढली तरी भरपूर पाणी बाहेर पडते. सांडव्याची रचना सेकंदाला १४५० घनमीटर पाणी जाऊ देण्याएवढी आहे. तिथे कुणाला रात्री बारा वाजता निर्णय घ्यावा लागत नाही. घरावरच्या टाकीला ओव्हरफ्लोची नळी असते तसे हे झाले. साखळीच्या वरचे अंजुणे धरण आणि तिळारी यांना दरवाजे आहेत, म्हणजे तिथे तोटी माणसाच्या हातात आहे. त्यामुळे तिथे पूर कमी करायची संधी जास्त, आणि चूक व्हायचीही.

जेवून येतो, मग पुढचे लिहितो.

वाळवंटीकर

सांडवाकाका, लिहीत राहा. साखळी बाजारातला माणूस म्हणून वाचतो आहे. आमच्याकडे अंजुणेचे दरवाजे उघडले ही बातमी आली की दुकानदार आधी खालच्या फळीवरचा माल वर घेतात, मग बातमी खरी का ते विचारतात.

दोडामार्गी

मी नदीच्या वरच्या अंगाला, महाराष्ट्रात राहतो. गोव्यात "तिळारीवाल्यांनी पाणी सोडले" असे ऐकले की थोडे वाईट वाटते. पूर आमच्याही घरात येतो. २०२१ ला आमच्या बाजूची गावेही पाण्याखाली होती.

तिळारी हा दोन्ही राज्यांचा प्रकल्प आहे. १९९० मध्ये करार झाला, खर्चात गोव्याचा वाटा ७३.३० टक्के आणि महाराष्ट्राचा २६.७०. धरण, बुडित क्षेत्र आणि विस्थापित आमच्याकडचे, पाण्याचा मोठा वाटा कालव्याने तुमच्याकडे. म्हणजे हे धरण परके नाही. दरवाजाची तोटी एका राज्यात आणि नदीचे तोंड दुसऱ्या राज्यात, ही अडचण मात्र खरी आहे. निरोप धरणावरून निघाला की आधी आमच्या जिल्ह्यात फिरतो, मग राज्याची हद्द ओलांडतो, मग तालुका, मग पंचायत. पाण्याला हद्द नसते. ते सरळ खाली जाते.

सांडवा

दोडामार्गी यांनी लिहिले ते अगदी बरोबर. आता ताईंचा तिसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्यावर गैरसमज फार आहेत.

नदीवर धरण नसते तर २३ जुलैला जेवढा पाऊस डोंगरात पडला तेवढे सगळे पाणी थेट आले असते. धरण पूर्ण भरलेले असले तरी ते थोडा पूर खाते. साळावलीचा पसारा भरल्यावर जवळजवळ ३० चौरस किलोमीटर. कडेवर एक फूट पाणी चढले तर नव्वद लाख घनमीटर पाणी तिथेच वर थांबते आणि सावकाश उतरते. बिनदरवाजाच्या सांडव्यातून पुराचा शिखर-विसर्ग कधीच येव्यापेक्षा जास्त होत नाही. येवा म्हणजे धरणात येणारे पाणी.

दरवाजे असलेल्या धरणात तसे होईलच असे नाही. येवा सेकंदाला ५०० घनमीटर असताना दरवाजे उघडून ७०० सोडणे शक्य असते, आणि कधी कधी करावेही लागते. समजा धरण ९५ टक्के भरले आहे, हवामान खात्याचा लाल इशारा आला आहे, म्हणजे चोवीस तासांत २०४ मिलीमीटरच्या वर पाऊस होण्याची शक्यता. अशा वेळी प्रमुख अभियंत्याच्या मनात पहिला विचार खालच्या गावाचा नसतो, धरणाचा असतो. हे कठोर वाटेल, पण ऐका. मातीच्या धरणावरून पाणी गेले की माती वाहून जाते आणि धरण उरत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत गेले, पुण्याचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. ११ ऑगस्ट १९७९ ला गुजरातेत मच्छू-२ वरून पाणी गेले आणि मोरबी शहर उद्ध्वस्त झाले. २ जुलै २०१९ ला चिपळूण तालुक्यात तिवरे फुटले, ते तर लहानसे धरण होते. म्हणून दरवाजे असलेला माणूस भीतीने उशिरा नव्हे, लवकर उघडतो. ते योग्यच आहे.

प्रश्न तो नाही. प्रश्न हा की आणीबाणीची ती रात्र यायच्या आधीचे पंधरा दिवस धरण कुठल्या पातळीला होते. २२ तारखेला ते परिचालन रेषेच्या वर असेल तर २३ तारखेचा निर्णय कुणीही घेतला तरी वाईटच होणार होता.

शापोराकाठची

काका, हे पहिल्यांदाच असे कुणी समजावून सांगितले. म्हणजे आम्ही पुराच्या रात्रीबद्दल भांडतो आणि विचारायला हवे ते १ जुलैच्या पातळीबद्दल?

सांडवा

हो. १ जुलै, १५ जुलै, १ ऑगस्ट. या तीन तारखांची ठरलेली पातळी आणि प्रत्यक्ष पातळी शेजारी शेजारी लिहून गावात लावली तर निम्मे संशय आपोआप मिटतील.

वाळवंटीकर

एक गोष्ट काकांनी अजून घेतली नाही, ती भरतीची. साखळीचा पूर फक्त अंजुणेने येत नाही. केरी-चोर्ल्याच्या घाटात पाऊस, वाळवंटी भरलेली, त्यात खाली मांडवीला भरती. समुद्राचे पाणी वर चढलेले असते, मग नदीचे पाणी जाणार कुठे? ते मागे साचते. विठ्ठलापूरच्या बाजूने आणि बाजारात नाल्याचे पाणी नदीत जाऊ शकत नाही, उलट नदी नाल्यातून आत येते. म्हणून पूर्वीच्या पुरांनंतर नदीकाठाला भिंती बांधल्या आणि पंप बसवले. नाल्याचे तोंड बंद करायचे आणि आत साठलेले पाणी पंपाने उपसून नदीत टाकायचे. पंप चालू असले तर बाजार वाचतो. वीज गेली, जनरेटरला डिझेल नाही, किंवा जाळीत प्लास्टिक आणि नारळाच्या झावळ्या अडकल्या, तर भिंतच आमच्या विरोधात काम करते. पाणी आत कोंडते.

मी पावसाळ्यात रोज सकाळी भरतीचे वेळापत्रक बघतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास घाटात पाऊस लागला तर आम्ही दुकानात रात्री माणूस ठेवतो. अष्टमीला तेवढी भीती नसते.

खाजनवाला

वाळवंटीकरांच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. मी तिसवाडीतल्या बेटावर खाजन शेती करतो, म्हणजे भरतीचे खारे पाणी बांधाने अडवून राखलेली शेती. मांडवीत भरती थेट गांज्यापर्यंत चढते, हे शहरातल्या लोकांना खरे वाटत नाही.

आमच्याकडे मानशीला, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेला, लाकडी दार असते, बांधाच्या आत उघडणार नाही असे बसवलेले. भरतीला बाहेरचे पाणी त्यावर दाबते आणि ते बंद होते, ओहोटीला आतले पाणी ढकलते आणि ते उघडते. पूर्वजांनी हे कुठल्याही मोटरीशिवाय केले. पण ते चालते ते नदीला ओहोटीत उतरायला वाव असेल तोपर्यंत. वरून सतत मोठा विसर्ग चालू असला तर ओहोटीतही नदीची पातळी आमच्या शेतापेक्षा वर राहते. दार उघडतच नाही, आतले पावसाचे पाणी शेतातच राहते. तीन-चार दिवस असे झाले की सरदाचे (पावसाळी) भात पिवळे पडते.

माझी सूचना: विसर्ग भरती-ओहोटी बघून सोडता येईल का? सहा तास जास्त, सहा तास कमी?

सांडवा

खाजनवाल्यांचा प्रश्न उत्तम आहे. थोड्या प्रमाणात येईल. धरणातून निघालेले पाणी भरतीच्या पट्ट्यात पोचायला काही तास लागतात, तो वेळ मोजून ठेवला पाहिजे. ठरलेल्या विसर्गात, म्हणजे पाऊस थांबल्यावर पातळी रेषेवर आणायला जे पाणी सोडतो त्यात, हे सहज करता येते. ऐन पुरात नाही. ऐन पुरात भरतीसाठी सहा तास दरवाजे अडवणे म्हणजे धरणाशी जुगार खेळणे. शिवाय लहान साठ्याचे धरण सहा तासही थांबू शकत नाही. अंजुणेचा साठा ४५ दशलक्ष घनमीटरच्या आतबाहेर, तिळारीचा जवळजवळ ४४७. दहापट फरक आहे. तिळारीला थांबायला जागा आहे, अंजुणेला फारशी नाही.

कुर्डीवाला

बराच वेळ वाचतो आहे. साळावलीचे नाव आले म्हणून लिहितो.

आमचे मूळ घर कुर्डीला. मोगूबाई कुर्डीकरांचे गाव. साळावलीसाठी सहाशेहून अधिक कुटुंबे उठवली, आमची माणसे वाडे आणि वाल्किणीला वसवली. भाऊसाहेब बांदोडकर स्वतः गावात आले होते, तुमच्या त्यागाने सगळ्या दक्षिण गोव्याला पाणी मिळेल असे त्यांनी सांगितल्याचे आमचे वडीलधारे अजून सांगतात. दर मे महिन्यात पाणी उतरले की गाव वर येते. आम्ही जातो, सोमेश्वराच्या देवळात उत्सव होतो, आणि घराच्या जोत्यावर उभे राहून मुलांना दाखवतो की इथे माजघर होते, इथे विहीर.

सांगायचे आहे ते पुढचे. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण आम्ही जगलो आहोत. पुनर्वसनाच्या गावांत उन्हाळ्यात विहिरी आटायच्या आणि टँकरची वाट बघावी लागायची. धरणाचे पाणी आमच्या शिवारावरून पाइपातून मडगाव-वास्कोला जात होते. म्हणून "धरणात पाणी आहे" या वाक्यावर माझा फारसा विश्वास नाही. कुणाच्या घरात आहे ते सांगा.

आके_मडगाव

कुर्डीवालाभाऊ, तुमचा प्रतिसाद वाचून पुढे काय लिहावे ते सुचेना. आम्ही नळ उघडतो तेव्हा हे कधी मनात येत नाही. यायला हवे.

सांडवा

कुर्डीवाल्यांच्या वाक्यावरच आके_मडगावताईंचे उत्तर देतो.

साळावलीवर शुद्धीकरणाची क्षमता आधी १६० एमएलडी होती, नंतर १०० ची भर पडली. म्हणजे दिवसाला २६ कोटी लिटर, ०.२६ दशलक्ष घनमीटर. वर्षभर पूर्ण क्षमतेने चालवले तरी ९५ दशलक्ष घनमीटर होतात. धरणात २३४. म्हणजे नुसत्या पिण्याच्या पाण्याच्या हिशेबाने धरण भरले की दोन वर्षांची बेगमी आहे. शेती आणि उद्योगांचे पाणी त्यातूनच जाते, तरीही तुमची टाकी रिकामी राहण्याचे कारण बहुतेक वेळा धरण नसते. शुद्धीकरण प्रकल्प किती गाळू शकतो, पंप किती तास चालतो, मुख्य वाहिनी किती जुनी आहे, गळती किती, आणि तुमचे घर वाहिनीच्या शेवटाला चढावर आहे का, ही ती कारणे. ऑगस्ट २०१९ मध्ये खांडेपारला मुख्य जलवाहिनी फुटली तेव्हा ऐन पावसाळ्यात, नदी दुथडी भरलेली असताना पणजी-फोंड्यात लोक पाण्याविना होते. वर धरण असो वा नदी, पाइप फुटला की संपले.

तिळारीचेही तेच. धरणात मुबलक पाणी असते. कालवा फुटतो आणि अस्नोड्याचा प्रकल्प अडचणीत येतो. अलीकडच्या वर्षांत असे एकदा नव्हे, अनेकदा झाले. मग आमठाण्याच्या लहान धरणाचे पाणी वापरून दिवस काढावे लागतात. शापोराकाठच्या ताईंच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. जुलैत नदीत सोडलेले पाणी मे महिन्यात तुमच्या नळाला आलेच नसते, कारण ते साठवायला धरणात जागा नव्हती आणि मे महिन्यात कालव्यातून आणायला वाट धड नव्हती. जुलैचा विसर्ग थांबवून मेचा दुष्काळ हटत नाही. कालवा दुरुस्त ठेवून हटतो.

आणखी एक हिशेब सांगतो, जो कुणी करत नाही. उन्हाळ्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला पाच मिलीमीटर तरी बाष्प होते. साळावलीचा पसारा आकसून २० चौरस किलोमीटर झाला असे धरले तरी रोज दहा कोटी लिटर पाणी नुसते आकाशात जाते. शुद्धीकरण प्रकल्प देतो त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त.

वाळवंटीकर

दहा कोटी लिटर! हा आकडा मी दुकानात फळ्यावर लिहिणार आहे.

म्हादईकाठ

या चर्चेत म्हादईचा विषय यायला हवा. म्हादईच्या पाणीवाटपाच्या लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये गोव्याला २४ टीएमसी (अब्ज घनफूट) दिले, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३. पण म्हादई आणि खांडेपार नद्यांवर गोव्यात मोठे धरण नाही. ओपाचा पाणी शुद्धीकरण प्रकल्प खांडेपारच्या वाहत्या पाण्यावर आणि बंधाऱ्यांवर चालतो, उन्हाळ्यात बंद खाणींच्या खड्ड्यांतले पाणीही वापरावे लागले आहे. मग वाटणीत मिळालेले पाणी साठवायचे कुठे?

कुर्डीवाला

साठवायला धरणे हवीत असे म्हणत असाल तर आधी सत्तरीतल्या माणसांना विचारा. एक कुर्डी पुरे झाली.

म्हादईकाठ

भाऊ, मोठ्या धरणाचा आग्रह माझा मुळीच नाही. बंधाऱ्यांबद्दल म्हणतो आहे. नोव्हेंबरात फळ्या घातल्या की नदीच्या पात्रातच पाणी थांबते, गाव उठवावे लागत नाही, आसपासच्या विहिरींनाही पाझर मिळतो. आमच्या वाड्यावर बंधारा झाल्यापासून कुळागराला मे अखेरपर्यंत पाणी पुरते. एकच काळजी: पहिल्या पावसाच्या आधी फळ्या काढल्या पाहिजेत. कंत्राटदार उशिरा आला आणि जूनच्या पहिल्या लोंढ्यात फळ्या तशाच राहिल्या तर पाणी काठ फोडून बागायतीत घुसते. सुपारीची दोन-तीन वर्षांची रोपे उपटून गेलेली मी पाहिली आहेत. लहान बांधकामालाही तारीख पाळणारा माणूस लागतो.

सांडवा

बंधारा पूर अडवत नाही एवढे लक्षात ठेवा. तो पावसाळा संपल्यानंतरचे पाणी धरतो. मोठ्या धरणाला तो पर्याय नाही आणि मोठे धरण त्याला पर्याय नाही. बाकी म्हादईकाठ यांच्याशी सहमत.

संपादक

म्हादई वाटपासाठी वेगळा धागा आहे, तो विषय कृपया तिथे न्यावा. इथे धरण, विसर्ग आणि पूर यावर बोलूया.

दोडामार्गी

मला सांडवाकाकांना विचारायचे आहे. गोव्यातला आणि आमच्याकडचा पाऊस एवढा हमखास आहे, तर जुलै अखेरपर्यंत धरण ७० टक्क्यांच्या वर जाऊच द्यायचे नाही असे का करत नाहीत? ऑगस्ट-सप्टेंबरात राहिलेले भरेलच की.

सांडवा

माझे वैयक्तिक मत तुमच्याच बाजूचे आहे. घाटाच्या पायथ्याच्या धरणांना हे परवडते. मराठवाड्यातल्या धरणाला नाही परवडत, तिथे आलेले पाणी पुन्हा येईल याची खात्री नसते. कोयनेसारख्या १०५ टीएमसीच्या धरणाला विजेचाही हिशेब असतो. आपल्याकडे तसे ओझे कमी. नेमका टक्का मात्र मी इथे बसून सांगणार नाही. मागच्या वीस-तीस वर्षांचा रोजचा येवा घ्यायचा, १ ऑगस्टनंतर सर्वांत कोरड्या वर्षी किती पाणी आले ते पाहायचे, आणि तेवढी जागा निर्धास्त मोकळी ठेवायची. हा हिशेब एखादा महाविद्यालयीन विद्यार्थीही करू शकतो, आकडे मिळाले तर.

अडचण आहे ती मनाची. धरण भरले की सगळ्यांना बरे वाटते. ओटी भरतात, नारळ अर्पण करतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. १५ जुलैला "धरण १०० टक्के" ही आनंदाची बातमी म्हणून छापतात. पाणीपुरवठ्यासाठी ती आनंदाचीच आहे, पण खालच्या गावाच्या दृष्टीने अर्थ एवढाच की पुढचे अडीच महिने वर मोकळी जागा नाही. भरले म्हणून जाब विचारत नाहीत, भरले नाही म्हणून विचारतात. मग अधिकारी काय करणार? लवकर भरून घेणार. जागा मोकळी ठेवणाऱ्या माणसाच्या मागे गाव उभे राहिले पाहिजे.

शापोराकाठची

आम्ही उभे राहू. नुसते म्हणायला नाही, खरेच. पण बदल्यात आम्हाला निरोप आमच्या भाषेत हवा. "२००० क्युसेक" म्हणजे काय ते सासूबाईंना कळत नाही, खरे तर मलाही नाही. आमच्या देवळाच्या घाटाला पायऱ्या आहेत. किती विसर्गाला पाणी कितव्या पायरीला, कितव्याला रस्त्यावर, कितव्याला पुलाच्या कठड्याला, असे कोष्टक करता येईल का?

सांडवा

येईल. त्यात काहीच अवघड नाही. २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा लोकांच्या भिंतींवर अजून असतील. त्या खुणांची उंची मोजा, त्या वेळचा विसर्ग धरणाच्या नोंदवहीत तासातासाचा असतोच. दोन्ही जोडले की कोष्टकाची सुरुवात झाली. धरण सुरक्षा कायदा २०२१ मध्ये आला आहे, त्यानुसार धरण चालवणाऱ्यांनी आणीबाणीचा कृती आराखडा तयार ठेवायचा असतो. तो आराखडा कपाटात राहू नये. पंचायतीत मराठी आणि कोकणीत लागला पाहिजे. मात्र कोष्टकात खालच्या ओढ्यांचे पाणी आणि भरती धरायला विसरू नका. नदी फक्त धरणाने भरत नाही, धरणाच्या खाली पडणाऱ्या पावसानेही भरते.

वाळवंटीकर

आमच्याकडच्या खुणा मी गोळा करतो. बाजारातल्या चार जुन्या दुकानांत खांबावर खिळे मारलेले आहेत, प्रत्येक खिळ्याला वर्ष लिहिलेले.

खाजनवाला

मानशीच्या दगडावरच्या खुणा मी देतो. आमच्याकडे भरतीची रोजची नोंदही आहे, तीही घ्या.

शापोराकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. येत्या ग्रामसभेत मांडायचा मसुदा इथे टाकते, काही सुटले असेल तर उद्यापर्यंत सांगा.

"ही ग्रामसभा मागणी करते की, तिळारी धरणाची १ जून ते ३० सप्टेंबरपर्यंतची ठरलेली पातळी आणि प्रत्यक्ष पातळी दर आठवड्याला पंचायतीच्या फलकावर लावावी. दरवाजे उघडण्याआधी किमान किती तास निरोप मिळेल ते लेखी द्यावे, आणि तो निरोप धरणावरून थेट नदीकाठच्या पंचायतींना यावा, वरून खाली फिरत नव्हे. २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या वेळचा तासवार विसर्ग गावाला द्यावा. त्यावरून गावातल्या खुणांशी जुळणारे कोष्टक तयार करून देवळाजवळ, शाळेत आणि पुलावर लावावे. कालव्याची दुरुस्ती पावसाळा संपताच सुरू करून डिसेंबरच्या आत पूर्ण करावी."

दोडामार्गी

मसुद्यात "नदीकाठच्या पंचायतींना" च्या जागी "दोन्ही राज्यांतील नदीकाठच्या पंचायतींना" असे करा. आमच्या ग्रामसभेतही हाच ठराव शब्दशः मांडतो, म्हणजे दोन्हीकडून एकच कागद जाईल.

कुर्डीवाला

शेवटी एक ओळ जोडा: धरणासाठी ज्यांची गावे बुडाली त्या पुनर्वसन वसाहतींना नळाचे पाणी आधी मिळावे. तिळारीच्या विस्थापितांनाही ती लागू आहे.

शापोराकाठची

दोन्ही बदल केले. कुर्डीवालाभाऊंची ओळ शेवटी नाही, पहिली घेतली आहे.

सांडवा

तासवार विसर्गाबरोबर तासवार येवाही मागा. नुसत्या विसर्गावरून दरवाजे बरोबर चालवले की नाही ते ठरत नाही. दोन्ही आकडे शेजारी असले तरच कळेल. आणि अर्ज पाऊस चालू असताना नको, ऑक्टोबरात द्या. आता तिथली माणसे रात्रपाळीला धरणावर आहेत.

शापोराकाठची

येवा जोडला. ग्रामसभेत ठराव आताच घेतो, अर्ज ऑक्टोबरात देतो. ज्यांच्याकडे खुणांचे फोटो आहेत त्यांनी मोजपट्टी लावून काढावेत आणि गावाचे नाव, वर्ष, जमिनीपासूनची उंची लिहून इथेच टाकावेत.